घोडं कुठे पेंड खातंय

हल शहरातली गुरुवारची रात्र. कोपऱ्यावरच्या दुकानातून
मासे तळल्याचा वास खिडकीच्या फटीतून घरात.
जेवणाच्या टेबलावर पेटी आडवी निजवली आहे,
डाव्या कुशीची काच काढून सोफ्यावर,
स्क्रू आमटीच्या वाटीत.
आठ आहेत. मघाशी नऊ होते.

माझ्याकडे साडेतीनशे पौंड.
कॅराव्हानच्या कारखान्यातले चार शनिवार,
इवल्या कपाटांना बिजागऱ्या लावत काढलेले.
एवढ्यात अर्ध्या पेटीत जीव येईल.
कुठल्या अर्ध्या?

सगळे म्हणतात, ग्राफिक्स कार्ड.
कारखान्यातला कॅलम म्हणतो, कार्ड. धाकटा भाऊ नाशिकहून
तोंडात घास असताना म्हणतो, ताई, कार्डच.
पण नवं कार्ड वीज जास्त पिणार, म्हणजे पॉवर सप्लाय आला,
लांबीला दोन बोटं जास्त, म्हणजे पेटीही नवी आली,
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि कोंबडीही इथे चार आण्याची नाही.

खालच्या मजल्यावरची डोरीन चहाचा मग घेऊन वर आली,
आजाऱ्याच्या खोलीत डोकवावं तशी पेटीत डोकावली.
म्हणाली, मी उजवा गुडघा बदलून घेतला ना,
तेव्हापासून डावा बोलायला लागलाय.
आधी दोघं मिळून लंगडायचे, कुणाची तक्रार नव्हती.

मी कार्डाचं पान मिटलं.

मग नीट आठवू लागले, अडतं ते कधी.
रात्री दहानंतर मी चाळीस टनांचा ट्रक चालवते,
पडद्यावर. मोकळ्या रस्त्याला लोण्यात सुरी,
डोंगर, पवनचक्क्या, कशाचीच कुरकुर नाही.
गावात शिरले की सुरू: सिग्नल, पाऊस, तीसेक गाड्या,
प्रत्येकीला कुठेतरी जायचंय, आणि ते सगळं
एकट्या प्रोसेसरने मनातल्या मनात मोजायचं.
चित्र थबकतं, पुढचा टेम्पो एकदम नाकाशी येतो.
कार्ड बिचारं हाताची घडी घालून उभं.
घोडं तिथे पेंड खातंय.

(खरी गाडी चालवतानाही मी गावातच अडखळते.
दोनदा नापास. ट्रेव्हर सर म्हणतात, गोल चौकात तुम्ही
प्रत्येकाचा विचार करत बसता.
साडेतीनशेत त्यांचे नऊ तास येतात.
हा हिशेब मी वाटीखाली दाबून ठेवलाय.)

रॅमच्या दोन पट्ट्या, एक माझी, एक कॅलमची उतरलेली,
सावत्र बहिणी, पण भांडत नाहीत. राहू देत.
डिस्क गेल्याच वर्षीची.
पंख्यावर धुळीची गोधडी होती, ती रंगाच्या ब्रशने काढली,
फुकट, आणि दोन शिंका.
ह्याच मदरबोर्डाच्या खाचेत बसेल असा
शेवटचा, सगळ्यांत तगडा प्रोसेसर
हेसलमधला एक पोरगा विकतोय, पंच्याण्णवला.
पिना सरळ आहेत, असं फोनवर त्याची आई सांगते.

नववा स्क्रू शोधायला मॉनिटरमागे वाकले
तर तिथे केबल दिसली, जुन्या टीव्हीची.
ह्या पडद्याला सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवता येतात.
त्याच्याकडे तीन वर्षं मी साठच मागत होते.
खरी केबल खोक्यात, पिशवीत,
तिची तारेची गाठसुद्धा सोडलेली नाही.
हसू आलं, मग जरा वेळाने राग, मग
कोणावर ते सुचेना.

पंच्याण्णव गेले. उरले दोनशे पंचावन्न.
काच बसवली, आठ स्क्रूंवर.
पेटी हळूच तिरकी करून कान लावला,
आत काही खुळखुळलं नाही.
ट्रेव्हर सरांना निरोप टाकला:
शनिवारी सकाळी नऊला जमेल का?

पाठवण्याआधी शनिवार खोडून
रविवार केला.